गाडी कोल्हापुरात, मालक सोहारात

सोहारमध्ये मराठी पुरुषांचे दोन प्रकार आढळतात. एक, ज्यांची जुनी मोटरसायकल गावी ताडपत्रीखाली उभी आहे. आणि दुसरा, ज्यांच्या वडिलांनी ती न विचारता विकून टाकली. शुक्रवारी सकाळी पहिल्या प्रकारचे लोक बोलतात आणि दुसऱ्या प्रकारचे उसासे टाकतात. अशी गाडी प्रत्यक्ष चालवणारा तिसरा प्रकारही असायला हरकत नव्हती, पण तो अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

सोहार म्हणजे मस्कतहून वायव्येला, बातिना किनाऱ्यावर, दोन-अडीच तासांच्या सरळसोट रस्त्यानं येणारं गाव. सिंदबाद इथलाच, असं इथले लोक सांगतात. हल्ली त्याच्या जागी आम्ही आलो आहोत. ओमान सरकार आणि रॉटरडॅमचं बंदर यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत इथे मोठं बंदर उभारलं, त्याच्या आसपास रिफायनरी, अॅल्युमिनियम, पोलाद असे कारखाने आले, आणि कारखान्यांच्या मागोमाग कोल्हापूर, सांगली, चिंचवड, डोंबिवलीची माणसं आली. ही माणसं दिवसभर ज्या यंत्रांसमोर बसतात ती आपली आपण चालतात, आपला ताप आपणच मोजतात आणि बिघडायच्या आधी पडद्यावर तशी वर्दी देतात. घरी यायला ऑटोमॅटिक मोटार. घरात एसी. हाताला ग्रीस लागायची सोयच राहिलेली नाही. कोल्हापूरच्या माणसानं हे किती दिवस सोसायचं?

आमच्या ह्यांची गाडी कोल्हापुरात आहे. कंपनी कुठली ते सांगणार नाही. नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायला माझी ना नाही, पण ह्या गाडीचं नाव मी उखाण्यातसुद्धा घेणार नाही. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ती ऐंशीच्या दशकात उसाच्या बिलातून घेतली. तिच्यावरून त्यांनी युरियाची पोती नेली, दुधाचे कॅन नेले, एकदा शेळी नेली आणि दर दिवाळीनंतर सासूबाईंना माहेराहून परत आणलं. आबांना गुडघ्यानं दगा दिला तेव्हा गाडी सोप्यात उभी राहिली. मग सासूबाई तिच्या सीटवर सांडगे वाळत घालू लागल्या. सीट सपाट, ऊन भरपूर आणि कोंबड्यांना पोचता येत नाही एवढी उंच. त्या काळात गाडीचा पुरेपूर उपयोग होत होता, असं माझं आजही मत आहे.

पन्नाशीला पुरुषांना काहीतरी होतं. कुणाला गुडघा, कुणाला गुरू, कुणाला मॅरेथॉन. ह्यांना गाडी आठवली.

तेव्हापासून आमच्या घरात ‘विंटेज’ हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. मी म्हटलं, एकदा नियम तरी बघू या. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली असली पाहिजेत. नोंदणीची फी वीस हजार रुपये. नंबराच्या पाटीवर ‘व्हीए’ ही खास अक्षरं मिळतात. आमच्या गाडीला अजून पन्नास झालेली नाहीत, ह्यांना झाली आहेत. म्हणजे नियमानुसार घरात विंटेज एकच. फी भरायला मी तयार आहे, पाटी कुठे लावायची एवढंच ठरायचं आहे.

त्याच नियमांत पुढे असंही आहे की विंटेज गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. हे वाचून माझा सरकारवरचा विश्वास वाढला. कलमं लिहिणाऱ्या माणसाच्या घरी अशी गाडी असणार, त्याशिवाय इतकं अचूक लिहिता येत नाही. पेट्रोलपंप आणि मिस्त्री सोडून जुनी गाडी जाते कुठे?

पेट्रोलचंच बघा. सोहारला साधं पेट्रोल लिटरला पन्नास-पंचावन्न रुपयांच्या आसपास. सरकारनं २०२१ मध्ये त्या ऑक्टोबरच्या दराचीच कमाल मर्यादा घालून दिली. कोल्हापुरात शंभरावर. स्वस्त पेट्रोल जिथे आहे तिथे मालक, महाग आहे तिथे गाडी. आमच्या संसारातले बरेच हिशोब असेच आहेत.

गाडी नुसती दुरुस्त करून चालवायची असती तर प्रश्न नव्हता. पण ह्या गाडीवेड्या लोकांत दोन पंथ आहेत. ‘ओरिजिनल’वाले आणि ‘मॉडिफाय’वाले. ओरिजिनलवाल्यांना नटसुद्धा त्या काळचा लागतो. त्यावर गंज असेल तर तोही त्या काळचा हवा. मॉडिफायवाल्यांना मूळ गाडीतलं फक्त आरसी बुक हवं असतं, बाकी सगळं बदलायचं असतं. दोन्ही पंथांची माणसं शुक्रवारी सकाळी कॉर्निशवर, समुद्राकडे तोंड करून, कागदी पेल्यातला करक चहा घेत भांडतात. इथली कॅफेटेरियाची पद्धत छान आहे: मोटारीत बसूनच हॉर्न द्यायचा की पोरगा चहा आणून देतो. नावानं कुणी कुणाला ओळखत नाही. बुलेटवाले, जावावाले, आरएक्सवाले अशीच ओळख. आरएक्सवाल्यांच्या वडिलांनी आरएक्स केव्हाच विकली, पण उपाधी काढून घेण्याइतकं निष्ठुर कुणी नाही.

आमचे हे मॉडिफाय पंथाचे. त्यांना ‘बॉबर’ करायची आहे. हे सगळे प्रकार मला आता पाठ झाले आहेत, कारण जेवताना दुसरा विषय नसतो. अमेरिकेत महायुद्धाच्या आगेमागे पोरांनी जड गाड्या हलक्या करायला मडगार्ड छाटली, तो बॉबर. लंडनला १९३८ साली सुरू झालेलं एस कॅफे आहे. साठच्या दशकात तिथल्या पोरांनी ताशी शंभर मैल गाठायच्या ईर्ष्येनं हँडल खाली घेतली, ती कॅफे रेसर. आणि पुढचा लांबलचक काटा पसरलेली चॉपर. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ सिनेमानं ती जगभर नेली. त्यातल्या चॉपर पोलिसांच्या जुन्या हार्लेंवर बांधल्या होत्या, हे मला रात्री साडेअकरा वाजता सांगण्यात आलं.

तिन्हींपैकी मला चॉपर त्यातल्या त्यात माणुसकीची वाटते. तिला मागे टेकायला दांडा असतो, आणि त्या सिनेमात जॅक निकल्सन व्यवस्थित मागे बसून जातो. बॉबरला मागची सीटच नसते.

“मग मी कुठे बसू?” मी विचारलं.

“तू कधी बसतेस?” हे म्हणाले.

ह्याला उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर देणारीला बसवायची जागा नव्हती.

खरं तर आपल्याकडे गाड्या बांधायची परंपरा साहेबाइतकीच जुनी आहे, फक्त आपण तिला फॅशन म्हटलं नाही. महायुद्धानंतर लष्करानं मागे टाकलेल्या हार्लेंच्या पाठीला तीनचाकी साटा जोडून दिल्लीवाल्यांनी फटफटी केली. चांदणी चौकात ती नव्वदच्या दशकापर्यंत पासिंजर ओढत होती. सौराष्ट्रात बुलेटच्या इंजिनाचा छकडा झाला, आणि अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी तर बुलेटच्या मागे औतं जोडून शेत नांगरलं. मुंबईत अक्षय वर्दे यांनी विमानातली नोकरी सोडून ‘वर्देंची’ नावानं मोटरसायकली बांधायचा उद्योगच थाटला. पण आमच्या ह्यांचं दैवत सांगलीकडचं. कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी बनवली आणि ती मोटरसायकलसारखी किक मारून चालू होते. आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. हे कॉर्निशवर हा किस्सा सांगतात तेव्हा त्यांचा आवाज भरून येतो.

“आपल्या गाडीच्या बदल्यात कुणी काय देईल?” मी एकदा विचारलं.

“भंगारवाला किलोवर घेतो,” आबा फोनवरून म्हणाले. व्हिडिओ कॉल स्पीकरवर होता, हे आम्ही विसरलो होतो.

ह्यांचा सगळा कारखाना व्हिडिओ कॉलवर चालतो. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणजे ह्यांना सुट्टी असते तेव्हा उद्यमनगरात मिस्त्री कामावर असतो. ओमानची वेळ दीड तास मागे. सकाळी साडेआठला फोन लावला की मिस्त्रींचा दहाचा चहा झालेला असतो आणि मूड चांगला असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय वाट्टेल ते घडवून मिळतं, नमुना दाखवला की पुरे. वेळ मात्र घडवून मिळत नाही.

“साहेब, काय टेन्शन घिऊ नगासा. गाडी म्हंजी एकदम नादखुळा हुणार.”

“पण कधी?”

“हुतंय की वो. टाकी पेंटरकडं गेल्या. पेंटर गावाकडं गेलाय.”

एवढ्यावर हे महिनाभर खूश असतात. मधल्या काळात मिस्त्री फोटो पाठवतात. फोटोत गाडीचे भाग पोत्यावर मांडून ठेवलेले असतात. प्रत्येक फोटोत भागांची संख्या वाढलेली दिसते. गाडी मूळ जितक्या वस्तूंची होती त्याहून जास्त वस्तूंत ती सुटत चालली आहे.

असाच एक फोटो मोठा करून बघताना मला कोपऱ्यात, भंगाराच्या ढिगावर, साडीगार्ड दिसला. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला असतो तो, लोखंडी सळ्यांचा. आमच्या गाडीचा जरा बाहेरच्या बाजूला वाकलेला आहे, कारण एकदा सासूबाईंच्या इरकलीचा पदर त्याच्यात येता येता वाचला होता. तो वाक मी ओळखला. मी सरळ फोन हातात घेतला.

“मिस्त्री, साडीगार्ड का काढला?”

“वहिनी, बॉबरला साडीगार्ड न्हाई चालत. लुकच जातोय.”

“आणि साडी?”

“साडीचं काय? तिला सीटच न्हाई की मागं.”

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी नियम शोधला आणि पुढच्या शुक्रवारी मोठ्यानं वाचून दाखवला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम क्रमांक १२३. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि त्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं आच्छादन गाडी बनवणाऱ्यानं द्यायलाच पाहिजे. त्याच्या जोडीला मोटार वाहन कायद्याचं बावन्नावं कलम आहे. आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ स्पष्ट केला की बनवणाऱ्यानं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येणार नाहीत. पदराचा विचार करून लिहिलेले नियम ह्या देशात किती असतील? त्यातला एक आमच्या घरी होता आणि तो ढिगावर पडला होता.

मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “वहिनी वकील हाईत काय?” त्यांनी ह्यांना विचारलं. मग आवाज कमी करून, “फाइन किती बसतोय, ते इचारा.”

खर्चाचं विचारू नका. किंवा विचारा, पण रियालमध्ये विचारा. एक रियाल म्हणजे दोनशे रुपयांच्या वर, त्यामुळे कुठलाही आकडा रियालमध्ये सांगितला की गरीब दिसतो. “चाळीस तर आहेत,” असं हे चामड्याच्या सीटबद्दल म्हणाले. एका माणसाच्या सीटबद्दल. मी भाजी घेते तेव्हा मात्र तो हिशोब रुपयांत होतो.

मागच्या सुट्टीहून परतताना माझ्या बॅगेतून भाजणी आणि निम्मा गोडा मसाला बाहेर निघाला आणि आत गाडीची किक आली. मिस्त्रींच्या क्रोमवर ह्यांचा विश्वास नव्हता. सोहारच्या सनाइयात, म्हणजे इथल्या गॅरेजांच्या वसाहतीत, ते काम चांगलं होतं असं कुणीतरी सांगितलं होतं. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रात ती वाकडी दांडी दिसली आणि बॅग बाजूला घेतली गेली.

“हे काय आहे?” साहेब मराठीच होते.

“किक आहे.”

“गाडी कुठंय?”

“गाडी इथेच राहणार. किक चाललीय.”

साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि त्यात सहानुभूती होती. मग विचारलं, “कुठली? जुनी आहे का?” पुढची दहा मिनिटं रांग थांबली. साहेबांच्या वडिलांनीही विकली होती.

सनाइयातल्या कारागिरानं किक उलटसुलट करून बघितली आणि “बाकी की गाड़ी कहाँ है?” एवढंच विचारलं. काम मात्र चोख केलं. आरशात बघून कुंकू लावावं अशी चकाकी. आता पुढची सुट्टी येईपर्यंत ती किक आमच्या शोकेसमध्ये, पितळी गणपतीशेजारी उभी आहे. दसऱ्याला वाहनाची पूजा करायची तर वाहन समुद्रापलीकडे. ह्यांनी पाटावर किक मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. माझी मोटार, जी आम्हाला रोज भाजीला, दवाखान्याला, मस्कतला नेऊन आणते, ती खाली पार्किंगमध्ये धुळीत उभी होती. तिला मीच जाऊन फूल वाहून आले.

गाडी जागेवर नसताना तिच्यावर इतकं बोलता येतं, हे मला सोहारला आल्यावर कळलं. एका शुक्रवारी बुलेटवाले नव्या पिढीला जुन्या बुलेटची किक शिकवत होते. नवी पिढी म्हणजे दोन कंटाळलेली मुलं. बुलेट अर्थातच सातारला. बुलेटवाल्यांनी कॉर्निशच्या फरशीवर पवित्रा घेतला, दोन्ही हातांनी हवेतलं हँडल धरलं आणि सुरू केलं. आधी पेट्रोलचा कॉक. मग चोक. मग डाव्या हातानं डीकॉम्प्रेसरची दांडी ओढून धरायची आणि किक हळूहळू खाली दाबत न्यायची. डोळे अँपिअरमीटरवर. काटा मधोमध आला की थांबायचं, दांडी सोडायची, किक पुन्हा वर येऊ द्यायची. हे चुकलं तर किक उलटी येते आणि घोट्याला आयुष्यभराची आठवण ठेवते. “आणि मग, अंगाचं सगळं वजन टाकून...” बुलेटवाल्यांनी हवेला लाथ घातली. पायातली चप्पल सुटली आणि थेट पलीकडे उभ्या असलेल्या भल्यामोठ्या गोल्ड विंगच्या चाकाशी जाऊन पडली.

त्या गाडीचा मालक ओमानी तरुण होता. त्यानं चप्पल उचलली, अदबीनं आणून दिली आणि हिंदीत विचारलं, की तुम्ही मोटरसायकलचं बोलत होता ना? बातिनातल्या बऱ्याच लोकांना मोडकंतोडकं हिंदी येतं. मग काय! बुलेटवाल्यांनी साडेतीनशे सीसी सांगितलं. त्यानं आपली अठराशे सांगितली, पण नम्रपणे. किती चालवता, त्यानं विचारलं. हे सगळे एकमेकांकडे बघू लागले. “गाड़ी इंडिया में है,” जावावाले म्हणाले. सगळ्यांच्या? सगळ्यांच्या. तरुणानं थोडा विचार केला आणि म्हणाला, तुम्ही फार सुरक्षित रायडर आहात.

सुरक्षिततेचा विषय निघाला की जावावाले अडचणीत येतात. ते पुण्याचे. जावाची फॅक्टरी म्हैसूरला १९६१ मध्ये सुरू झाली, १९९६ मध्ये बंद पडली आणि मधल्या काळात जगात एवढंच काय ते चांगलं घडलं, असं त्यांचं मत आहे. एकाच दांडीनं किकही मारायची आणि तीच वळवून गिअरही टाकायचा, ह्यावर ते अर्धा तास बोलू शकतात. पण हेल्मेट म्हटलं की ते विषय बदलतात. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती आली तेव्हा विरोधात निघालेल्या मोर्चाचा त्यांना अजून अभिमान आहे. तेच जावावाले इथे मोटारीत बसले की इंजिन चालू करायच्या आधी पट्टा लावतात, मागच्यांनाही लावायला लावतात, आणि रॉयल ओमान पोलिसांची गाडी दिसली की पाठ ताठ करून बसतात. मी त्यांना एकदा अरबस्तानच्या लॉरेन्सची गोष्ट सांगितली. इकडच्या वाळवंटात उंटावरून फिरून धडधाकट परतलेला माणूस, मे १९३५ मध्ये इंग्लंडात आपल्या ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून पडून गेला. डोक्याला मार लागला होता. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते; त्यांनी मग हाच विषय धरून अभ्यास केला आणि त्यातून लष्करातल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट आलं.

“ते इंग्लंडमध्ये झालं,” जावावाले म्हणाले.

जुन्या वाहनांचं वेड सोहारला आमच्या आधीचं आहे, हे मात्र मान्य करायला हवं. टिम सेव्हरिन नावाच्या ब्रिटिश गृहस्थानं १९८० मध्ये जुन्या अरबी पद्धतीचं जहाज बांधून घेतलं. लाकूड आपल्या मलबारचं, एकही खिळा नाही. फळ्या काथ्यानं शिवलेल्या. नाव ठेवलं ‘सोहार’. नोव्हेंबरात मस्कतहून निघून ते पुढच्या जुलैत चीनला पोचलं, आणि आता मस्कतला अल बुस्तानच्या चौकात उभं आहे. ह्यांनी तिथे गाडी थांबवून मला ते दाखवलं. “बघ,” म्हणाले, “लोक काय काय बांधतात.” मी म्हटलं, “हो, पण ते निघालं.”

तसं बघितलं तर ह्या सगळ्यांत माझ्याइतकी दुचाकी कुणी चालवलेली नाही. मी डोंबिवलीची. मी लूना चालवली आहे. फिरोदियांनी १९७२ मध्ये काढलेली पन्नास सीसीची लूना ह्या मंडळींच्या क्लासिकच्या यादीत कधीच येत नाही, आणि हा मला अन्याय वाटतो. लूना बंद पडली तर पेडल मारत घरी येता यायचं. ही सोय हार्लेत नाही, बुलेटमध्ये नाही आणि गोल्ड विंगमध्ये तर नाहीच. क्लासिक म्हणजे आणखी काय हवं असतं? शिवाय मी इथलं मोटारीचं लायसन्स काढताना ड्रमच्या मधून मागे घेत गाडी लावायची परीक्षा ह्यांच्या आधी पास झाले. तो विषय आमच्याकडे निघत नाही.

परवा एक गोष्ट घडली. मिस्त्रींचा फोन आला, आपणहून. असं कधी होत नाही. त्यांनी कॅमेरा फिरवला. पोत्यावरचे भाग नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी गाडी होती. टाकी काळी, सीट एक, साडीगार्ड नाही. किकच्या जागी तात्पुरती दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची किक. मिस्त्रींनी एका दणक्यात ती सुरू केली. इंजिन धडधडायला लागलं. मागे आबा काठी टेकून उभे होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांच्या हिशोबानं टाळ्याच.

मला वाटलं, हे उडी मारतील. हे गप्प झाले. कान फोनला लावून बराच वेळ ऐकत बसले. गाडी झाली तर पुढच्या शुक्रवारी बोलायचं काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होतं.

“टॅपेटचा आवाज येतोय,” अखेर म्हणाले. “परत उघडा.”

“व्हय साहेब,” मिस्त्री म्हणाले. त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं.

मीच फोन ओढून घेतला आणि सांगितलं की उघडायचं नाही. कारण माझं ठरलं आहे. डोंबिवलीत गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते, १९९९ पासून. तिथल्या बायका नऊवारी, नथ आणि गॉगल लावून बुलेट चालवतात आणि पोलीस त्यांना वाट करून देतात. येत्या पाडव्याची सुट्टी मी टाकली आहे. गाडी टेम्पोनं डोंबिवलीला येईल. गिअर मी कोल्हापुरात आठ दिवस आधी जाऊन आबांकडून शिकणार आहे. आबा तयार आहेत. “शेळीपेक्षा सोपं आसतंय,” म्हणाले. मिस्त्रींना मी मागची सीट पुन्हा बसवायला सांगितली आहे. मागे हे बसतील. यात्रेत पुरुषांना धोतर आणि उपरणं लागतं, आणि हा पोशाख सांभाळायची ह्यांना सवय नाही.

अडचण एकच आहे. तो वाकलेला साडीगार्ड मिस्त्रींनी किलोवर घालून टाकला. तेव्हा वाचकांना विनंती: कुणाच्या माळ्यावर, परसात किंवा गोठ्याच्या आडोशाला जुन्या मोटरसायकलचा साडीगार्ड पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, कळवा. गंजलेला चालेल, वाकडा चालेल, सनाइयात चकाचक करून घेऊ. पैसे रियालमध्ये मिळतील.